नॉट फॉर ह्युमन यूज!

औषधाच्या बाटलीवर काय काय लिहिलेलं असतं? थंड जागी ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. यातलं आपण काहीच वाचत नाही, ती गोष्ट वेगळी. पण सध्या एक चिमुकली काचेची बाटली शहरांमधून फिरतेय, जिच्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं : ‘फॉर रिसर्च यूज ओन्ली. नॉट फॉर ह्युमन यूज.’ म्हणजे बॉस, हे माणसांसाठी नाहीच. आणि ती कोण विकत घेतंय? माणसंच! तीही तुमच्या-आमच्यासारखी, लॅपटॉपची बॅग पाठीला लावून संध्याकाळी जिमला जाणारी.

बाटलीत असतं काय? तर तळाला चिकटलेली चिमूटभर पांढरी पावडर. कधी कधी इतकी कमी की बाटली रिकामीच वाटते. तिला म्हणायचं पेप्टाइड.

नाव ऐकून घाबरू नका. मी मास कॉमवाली, दहावीनंतर केमिस्ट्रीला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. तरी मला कळलं, म्हणजे तुम्हाला कळेलच. आपल्या शरीरातली प्रथिनं, म्हणजे प्रोटीन्स, ही अमिनो ॲसिड नावाच्या वीस प्रकारच्या तुकड्यांची बनलेली असतात. तुकड्याला तुकडा जोडत गेलं की लांबलचक साखळी होते. साखळी छोटी असेल, ढोबळमानाने पन्नासेक तुकड्यांच्या आतली, तर ती पेप्टाइड. बाळंतपणाच्या वेळी दिलं जातं ते ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ तुकड्यांचं पेप्टाइड. (हो, म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही गोठ्यांत चोरून टोचतात तेच.) हे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं ते व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी, न्यूयॉर्कमध्ये, १९५३ साली. दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. नऊ तुकडे जोडले म्हणून नोबेल! यावरून अंदाज घ्या, काम किती किचकट असेल.

किचकट का, ते सांगते. अमिनो ॲसिडला दोन टोकं असतात आणि ती कुठल्याही दुसऱ्या अमिनो ॲसिडला चिकटायला तयार असतात. तुम्हाला हवा तोच क्रम हवा असेल तर नको ते टोक झाकून ठेवायचं, हवं ते उघडं ठेवायचं, जोडणी करायची, मग सगळा माल शुद्ध करून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दर वेळी शुद्ध करताना थोडा माल वाया जाणार. शेवटी हातात काय उरणार? घामाचं पाणी.

यावर एक भन्नाट तोड काढली ब्रूस मेरीफिल्ड या माणसाने. न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. मे १९५९ मध्ये त्याने ही कल्पना आपल्या वहीत टिपून ठेवली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. मधली वर्षं नुसती खटपट. आणि पेपरमध्ये दाखवलं काय, तर चार तुकड्यांचं एक पेप्टाइड. बस्स.

पण फंडा जबरदस्त होता. चर्चगेट स्टेशन डोळ्यापुढे आणा. रूळ संपतात तिथे तो बफर असतो ना, त्याला लोकलचा पहिला डबा पक्का बांधून टाकायचा. आता डबा कुठे पळणार नाही. त्याच्या मोकळ्या कपलिंगवर एक झाकण. झाकण काढा, दुसरा डबा आणा, जोडा. या नव्या डब्याच्या मागच्या कपलिंगवरही झाकण असतंच, त्यामुळे एका वेळी एकच डबा लागतो. जे जादा डबे जोडले गेले नाहीत ते सरळ धुऊन टाकायचे. गाडी बफरला बांधलेली आहे, ती वाहून जायची नाही! मग पुन्हा झाकण काढा, तिसरा डबा. गाडी पूर्ण झाली की शेवटी बफरपासून सोडवायची. मेरीफिल्डचा बफर म्हणजे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे बारीक मणी. मधल्या टप्प्यांवर शुद्ध करत बसायची गरजच संपली. फक्त धुवा आणि पुढे चला.

जुन्या केमिस्ट मंडळींनी नाकं मुरडली. मधे मधे माल तपासत नाही म्हणजे काय? पण धुणं आणि जोडणं हे काम इतकं एकसुरी होतं की मेरीफिल्डने त्याचं मशीनच बनवून टाकलं. १९६९ मध्ये त्याने आणि बर्न्ड गुट्टे याने रायबोन्युक्लिएज नावाचं १२४ तुकड्यांचं अख्खं एन्झाइम बनवून दाखवलं, ३६९ रासायनिक क्रिया आणि ११,९३१ स्टेप्स करून. आपण ओटीपी दोनदा टाकावा लागला तर चिडतो! १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, एकट्याला.

(एक गंमत. १९६३ मध्येच आपल्या मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साखळ्या कुठल्या कोनात वळू शकतात आणि कुठल्या नाही, याचा नकाशा मांडला. ‘रामचंद्रन प्लॉट’ आजही जगभर शिकवतात. त्यांना नोबेल मिळालं नाही.)

आज बहुतेक ठिकाणी ते झाकण असतं ‘एफमॉक’ नावाचं, आणि ते काढायला वापरतात पायपेरिडीन. हे नाव आलंय काळ्या मिरीच्या लॅटिन नावावरून, कारण मिरीतल्या तिखट द्रव्यापासूनच ते मुळात मिळालं होतं. आपल्या मसाल्याच्या डब्यातली मिरी. वास मात्र मसाल्याचा नाही. ‘कपड्यांत बसला ना, रिक्षावालासुद्धा वळून बघतो,’ असं माझी एक मैत्रीण म्हणते.

ही मैत्रीण पुण्यात एका लॅबमध्ये पीएचडी करते. दिवसभर पेशी वाढवते, त्यांना पेप्टाइड पाजते आणि काय होतं ते बघते. ही पेप्टाइड्स लॅबमध्ये लागतात तरी कशाला, असं मी तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. ‘अगं, मीठ कशाला लागतं असं विचारतेयस तू!’ एखाद्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी हवी असेल तर अख्खं प्रोटीन कशाला, त्याचा दहा-पंधरा तुकड्यांचा भाग बनवून घ्यायचा आणि तो सशाला टोचायचा. एन्झाइम काम करतंय का बघायचंय, तर त्याला कापायला एक पेप्टाइड द्यायचं, जे कापलं गेलं की चमकतं. कोविडच्या काळात लसीनंतर आपल्या टी-सेल्स विषाणूला ओळखतायत का, हे तपासायला त्याच्या स्पाइक प्रोटीनचे एकमेकांवर थोडे थोडे चढलेले शेकडो तुकडे वापरले गेले. ऑर्डर द्यायची पद्धत तर मला फार आवडली. अक्षरांत क्रम लिहून पाठवायचा, जसं केकवर नाव लिहून मागतो तसं, आणि भाव दर अक्षरामागे. काही आठवड्यांनी कुरियरने व्हायल येते. लॅबवाले तिला बाटली म्हणत नाहीत. व्हायल.

आणि सोबत येतो एक कागद. सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, सीओए. त्यावर एक आलेख, एक उंच सुळका, आणि मोठ्या अक्षरात : प्युरिटी ९५ टक्के किंवा ९८ टक्के.

आता खरी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबू या.

तो लोकलचा दाखला परत घ्या. समजा दर जोडणीला शंभरातल्या ९९ गाड्यांना डबा नीट लागतो, एका गाडीला लागत नाही. ९९ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास फर्स्ट, नाही का? पण १५ डब्यांच्या गाडीला १४ जोडण्या. म्हणजे शेवटी शंभरातल्या ८७ गाड्याच पूर्ण. ३९ डब्यांची गाडी असेल तर ६८. आणि दर जोडणी ९५ टक्क्यांनी झाली तर? पंधरा डब्यांच्या फक्त ४९ गाड्या पूर्ण आणि ३९ डब्यांच्या जेमतेम १४! बाकीच्यांचा कुठला ना कुठला डबा गायब. दिसायला जवळजवळ सारख्याच, पण क्रम चुकलेला. या चुकलेल्या गाड्या वेगळ्या काढायला एचपीएलसी नावाचं तंत्र वापरतात, आणि सगळा खर्च, सगळं कौशल्य तिथे लागतं.

बरं, ९८ टक्के प्युरिटी म्हणजे बाटलीतल्या पावडरीत ९८ टक्के पेप्टाइड, असंच आपल्याला वाटतं ना? मलाही वाटलं असतं. मैत्रिणीने पेनाने कागदाच्या कोपऱ्यावर टकटक केलं. प्युरिटी म्हणजे पावडरीतल्या पेप्टाइडसारख्या दिसणाऱ्या मालापैकी बरोबर माल किती. पण पावडरीत पाणी असतं, आणि गाडी बफरपासून सोडवताना वापरलेल्या ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडचा, टीएफएचा, क्षार असतो. हे त्या आलेखात मोजलेच जात नाहीत. म्हणजे ९८ टक्के ‘प्युअर’ असलेल्या एका मिलिग्रॅम पावडरीत प्रत्यक्ष पेप्टाइड पाऊण मिलिग्रॅमच असू शकतं. त्याचा आकडा वेगळा : नेट पेप्टाइड कंटेंट. तो मागवला तर मिळतो, आणि बरेचदा त्याचे पैसे वेगळे.

आणि ती टीएफए गुपचूप बसत नाही. पेशींवर तिचाही परिणाम होऊ शकतो. मैत्रिणीचे दोन महिने यातच गेले. पेशी मरत होत्या, ती खुश, पेप्टाइड काम करतंय! मग गाइडबाईंनी विचारलं, ‘कंट्रोल कुठाय? नुसती टीएफए घालून बघितलीस का?’ बघितलं. तशाही मरत होत्या. दोन महिने, एक कॉन्फरन्सचं पोस्टर आणि बरीच रडारड.

हे फक्त तिच्या लॅबपुरतं नाही. २००८ मध्ये एचआयव्हीच्या लसीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला. त्यांना काही ठिकाणी टी-सेल्सचा असा प्रतिसाद दिसला, जो दिसायलाच नको होता. शोधता शोधता कळलं की विकत घेतलेल्या एचआयव्हीच्या पेप्टाइडमध्ये भलत्याच विषाणूच्या, सीएमव्हीच्या, पेप्टाइडचा अंश मिसळला होता. मिसळ म्हणजे किंचित. पण टी-सेल्सना किंचितही पुरतं. विचार करा, लस चालतेय की नाही हे ज्यावर ठरणार, तिथे बाटलीतली भेसळ ‘हो, चालतेय!’ म्हणून ओरडत होती. पकडली गेली, कारण पकडायलाच बसलेली माणसं तिथे होती.

रिसर्चच्या बाटलीचा सगळा व्यवहार असा आहे. घेणाऱ्याला माहीत असतं की माल शंभर टक्के नाही. तो कंट्रोल लावतो, मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन तपासतो, शंका आली तर दुसरी बॅच मागवतो. चुकलं तर पेशी मरतात, प्लेट कचऱ्यात जाते. या हिशेबाने तो माल उत्तम असतो. ‘नॉट फॉर ह्युमन यूज’ हे विक्रेत्याने उगाच अंग काढून घ्यायला लिहिलेलं नसतं, निदान खऱ्या विक्रेत्याने तरी. ते अक्षरशः खरं असतं.

आता जिम.

आमच्या जिममध्ये एक आयटीवाला आहे. स्वभावाने सोन्यासारखा, पण कोपर दुखतंय म्हणून वैतागलेला. टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिस खेळला नाही, माऊस आणि डंबेल्स यांची कृपा. एक दिवस त्याने मला मोबाइलवर फोटो दाखवला. दहा व्हायल, रांगेत, फ्रीजच्या दारात, शेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी. ट्रेनरच्या ओळखीतल्या कुणीतरी आणून दिलेलं, ‘बीपीसी-१५७’. ‘लिगामेंट, टेंडन, सगळं भरून येतं म्हणे. अमेरिकेत सगळे घेतात.’

बीपीसी-१५७ हे पंधरा तुकड्यांचं पेप्टाइड. पोटातल्या जठररसातल्या एका प्रोटीनचा हा भाग, असा दावा आहे. त्यावरचे पेपर खूप आहेत, पण बहुतेक उंदरांवरचे, आणि त्यातले बरेचसे क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाचे. माणसांवर नीट, मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. २०२२ पासून ‘वाडा’ने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, ते बंदीच्या यादीत घातलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषध दुकानांत मिसळून द्यायच्या पदार्थांची छाननी करताना त्याला सुरक्षेची शंका असलेल्यांच्या रांगेत बसवलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये वजन कमी करायची पेप्टाइड्स ‘रिसर्चसाठी’ असं लेबल लावून सामान्य लोकांना विकणाऱ्या काही कंपन्यांना एफडीएने वॉर्निंग लेटर्स धाडली. म्हणजे लेबलवर ‘माणसांसाठी नाही’, आणि जाहिरातीत चपटं पोट! डबल रोल.

मी त्याला मैत्रिणीसमोर बसवलं. कॅफेत, कारण लॅबमध्ये बाहेरच्यांना नेता येत नाही. तिने फोटो झूम करून बघितला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, ‘तुम्ही एंडोटॉक्सिनचा रिपोर्ट मागितलात का?’

तो म्हणाला, ‘प्युरिटी ९९ आहे ना पण.’

‘एंडोटॉक्सिन त्या आलेखात दिसतच नाही.’

मग तिने समजावलं. काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडे असतात, त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू मेला तरी ते उरतात. ते रक्तात गेले तर ताप, थंडी, रक्तदाब खाली, आणि जास्त असतील तर फारच वाईट. औषधाच्या इंजेक्शनमध्ये त्यांची मर्यादा ठरलेली असते, दर बॅच तपासावी लागते. निर्जंतुक असल्याची चाचणी वेगळी. रिसर्चच्या व्हायलसाठी यातलं काहीच बंधनकारक नाही. कारण ती टेस्ट ट्यूबसाठी आहे. टेस्ट ट्यूबला ताप येत नाही.

‘आणि डोस कसा काढणार?’ तिने विचारलं. त्याने फोनमधला कॅल्क्युलेटर दाखवला. व्हायलवर पाच मिलिग्रॅम लिहिलंय, इतकं पाणी, इतके युनिट. ती म्हणाली, ‘पाच मिलिग्रॅम कशाचे? पावडरीचे की पेप्टाइडचे?’ तो गप्प. खरं सांगायचं तर हा प्रश्न दोन तासांपूर्वी मलाही सुचला नसता.

तो तसा हुशार, लगेच वकिली सुरू झाली. ‘पण ते वजन कमी करायचं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड, तेही पेप्टाइडच ना? ते तर डॉक्टर देतात.’

बरोबर. पेप्टाइड म्हणजे वाईट असं कुणीच म्हणत नाही. इन्सुलिनसुद्धा ५१ अमिनो ॲसिडांचंच. पण ही औषधं कुठून आलीत ते बघा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सरकारी हॉस्पिटलात जॉन एंग नावाचे डॉक्टर होते. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीसारख्या प्राण्याच्या विषात त्यांना ३९ तुकड्यांचं एक पेप्टाइड सापडलं, १९९२ मध्ये ते छापून आलं. त्याची कृत्रिम नक्कल, एक्सेनटाइड, डायबेटिसचं औषध म्हणून एफडीएने मान्य केली २००५ मध्ये. तेरा वर्षं! त्या तेरा वर्षांत प्राणी झाले, थोडी माणसं झाली, मग खूप माणसं झाली, किती द्यायचं ते ठरलं, कुणाला देऊ नये ते ठरलं, कारखान्यात दर बॅच कशी तपासायची ते ठरलं. सुरुवातीला तीही एक रिसर्चची व्हायलच होती. मधली तेरा वर्षं वजा केली की जे उरतं, ते या गृहस्थांच्या फ्रीजमध्ये, लोणच्याशेजारी.

मला तेवढ्याने पटलं. त्याला पटायला जुलै २०२५ ची बातमी लागली. लास व्हेगासमध्ये म्हातारपण लांबवण्यावर एक मेळावा झाला, तिथे पेप्टाइडची इंजेक्शनं घेतल्यावर दोन बायका इतक्या आजारी पडल्या की हॉस्पिटलात व्हेंटिलेटर लावावा लागला. पेप्टाइडमुळे, भेसळीमुळे की आणखी कशामुळे, यावर मैत्रीण एक शब्द बोलली नाही. ‘कंट्रोल नाहीये,’ इतकंच म्हणाली.

सगळ्यात मजेशीर भाग पुढचा. त्याने विक्रेत्याला खरंच मेसेज केला, एंडोटॉक्सिन रिपोर्ट आणि नेट पेप्टाइड कंटेंट पाठवा म्हणून. उत्तर आलं, ‘सर, १०० टक्के ओरिजिनल, टेन्शन नका घेऊ.’ शेजारी बायसेप्सची इमोजी. मग एक सीओए आला. मैत्रिणीने त्यातलं वजन बघितलं, बीपीसी-१५७ च्या वजनाशी ताडून पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. जुळतच नव्हतं. कागद दुसऱ्याच कुठल्यातरी पेप्टाइडचा होता. वर नाव मात्र बदललेलं.

बाटलीत काय होतं मग? तपासायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि लॅबमधला तो असल्या कामाला वापरायची परवानगी नाही. तिने ठामपणे नाही म्हटलं. मला ते आवडलं.

दहा व्हायलींचे जेवढे पैसे गेले ते त्याने आकडा सांगून मला दाखवले नाहीत, चेहऱ्यावरून मात्र कळलं. सध्या तो फिजिओकडे जातो. एक डंबेल हातात धरून मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं, पंधरा वेळा, तीन सेट, रोज. बारा आठवडे तरी, असं फिजिओ म्हणालेत. सातवा आठवडा सुरू आहे आणि तो प्रचंड कंटाळलाय. काल म्हणाला, चहाचा कप आता त्याच हाताने उचलता येतो.